बसल्या जागी चौऱ्याण्णव

"आई, पाचवा मुद्दा काय?" रसिकाने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं. "चार झालेत. शमुवेल लहानपणापासून ऐकायला शिकला. शमुवेल दरवर्षी गावोगाव फिरून लोकांना भेटला. पटत नव्हतं तरी त्याने राजाला अभिषेक केला. आणि सत्ता सोडल्यावरही लोकांसाठी प्रार्थना करायचं थांबवलं नाही. पाळकसाहेबांना पाच हवेत."

उर्मिला गॅससमोर उभी होती. दूध वर येत होतं, पण तिचं लक्ष फोनमध्ये होतं. सकाळी सव्वासात वाजता आलेला मेसेज ती चौथ्यांदा वाचत होती.

'सिस्टर, सलाम. तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे. आज सभेत सगळ्यांसमोर देईन. गिरिजा पारखे.'

"आई, दूध."

उर्मिलाने गॅस बंद केला. थोडं उतू गेलंच. तिने फडक्याने ओटा पुसला, फडकं धुतलं, पिळलं, पुन्हा एकदा ओटा पुसला.

"पाचवा तूच म्हणाली होतीस ना, उत्तरदायित्व?" रसिका म्हणाली. "तो म्हातारा होतो, सगळ्यांना गोळा करतो आणि विचारतो, मी तुमच्यापैकी कोणाचा बैल घेतलाय का, कोणाला फसवलंय का, असेल तर आत्ता माझ्या तोंडावर सांगा. आणि सगळे म्हणतात, नाही. ते टाकू?"

"थांब जरा."

"मला तसंही ते पटत नाही. सगळ्यांसमोर विचारल्यावर कोण हो म्हणेल? ज्याचा बैल गेलाय तो चार हजार लोकांत हात वर करणार आहे का? असा सर्व्हे आमच्या लॅबमध्ये कुणी आणला असता तर सरांनी फाडून टाकला असता."

"तो सर्व्हे नव्हता."

"मग काय होतं?"

उर्मिलाने फडकं दांडीवर टाकलं. "पाचव्या स्लाइडवर नुसतं 'पाच' लिही," ती म्हणाली. "बाकीचं मी तोंडाने बोलेन."

बेव्हर्ली पार्कमधल्या त्या वन बीएचकेमध्ये मायलेकीच राहत. रसिकाचे वडील सिल्वासाला एका कारखान्यात होते, महिन्यातून दोन रविवार घरी यायचे. उर्मिला अमोलिक भाईंदर पूर्वेच्या एका नर्सिंग होममध्ये सव्वीस वर्षं नर्स होती. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, तिला कोणी उर्मिलाबाई म्हणत नसे, सगळ्यांची ती सिस्टरच होती. मंडळीच्या महिला मंडळाची ती चौदा वर्षं अध्यक्षा होती आणि आज पद सोडणार होती. नवे पाळक रोशन भोसले उत्साही होते. वार्षिक सभेत दरवर्षी बायबलमधल्या एका व्यक्तीकडून आजच्या ख्रिस्ती माणसाने नेतृत्वाचे कोणते धडे घ्यावेत, हा विषय त्यांनीच सुरू केला होता. पहिल्या वर्षी नहेम्या झाला, गेल्या वर्षी एस्तेर. यंदा पद सोडणाऱ्या बाईच्या वाट्याला पद सोडणारा शमुवेल आला होता.

"कसली वस्तू आहे गं तिच्याकडे?" रसिकाने विचारलं. तिने मेसेज कधी पाहिला होता कोण जाणे.

"ऑक्सिमीटर असेल. तीन नंबरचा."

"मग एवढं काय? देऊ दे की."

उर्मिलाने दूध पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात ओतलं. त्याची काही गरज नव्हती.

*

रसिकाला अर्धी गोष्ट माहीत होती, आणि ती सगळ्या मंडळीलाच माहीत होती.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये बेड मिळत नव्हते, तेव्हा मंडळाकडे ऑक्सिजन तयार करणारं एक यंत्र आलं. पुण्याला गेलेल्या एका जुन्या सभासदाने ते पाठवलं होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, चाकं लावलेलं, छोट्या कपाटाएवढं यंत्र. सोबत पाच ऑक्सिमीटर. मंडळात नर्स एकटी उर्मिलाच, त्यामुळे यंत्र कुणाच्या घरी जाईल हे ठरवण्याचं काम तिच्याकडे आलं. ते कुणी तिला सोपवलं नव्हतं. फोन तिलाच यायचे, एवढंच.

तिने ऑक्सिमीटरना पांढरी चिकटपट्टी लावून एक ते पाच नंबर घातले आणि व्हॉट्सॲपवर आपल्या आवाजात एक मेसेज टाकला. बसल्या जागी आकडा चांगला दिसतो, त्यावर जाऊ नका. पेशंटला घरातल्या घरात सहा मिनिटं चालवा आणि मग परत बोटाला लावा. आकडा तीनने जरी खाली आला तरी मला फोन करा. तो मेसेज मंडळीबाहेरही फिरला. सिल्वासाच्या कारखान्यात कुणीतरी तो रसिकाच्या वडिलांनाच ऐकवला होता, ही नर्स फार चांगलं सांगते म्हणून.

दशरथ पारखे लिफ्ट दुरुस्त करायचा. खारी गावात, नव्या इमारतींच्या मधोमध उरलेल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर तो आणि गिरिजा राहत. यंत्र दोन दिवस त्याच्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मंडळीच्या खजिनदाराची बायको संपदा उजगरे हिचा फोन आला, सासूबाईंचा आकडा पंच्याऐंशी. उर्मिला रिक्षाने खारीला गेली. तिने दशरथची नळी काढली, पंधरा मिनिटं थांबली आणि बोटाला तीन नंबर लावला. चौऱ्याण्णव. यंत्र खाली उतरवून पूनम सागरला संपदाकडे नेलं. संपदाची सासू, गोदूबाई, वाचल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, बेडचा निरोप येण्याआधी, दशरथ ॲम्ब्युलन्समध्येच गेला.

तेव्हापासून गिरिजा रविवारच्या उपासनेला यायची, पण मंडळाच्या कार्यक्रमांना येत नव्हती. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या, मेजावरचं पांढरं कापड काढायला पाळक पुढे झाले की ती पर्स उचलून शांतपणे बाहेर पडायची. शब्बाथशाळेत सगळ्यांना लहानपणीच शिकवलेलं असतं: कुणाशी मनात काही राहिलं असेल तर आधी जाऊन ते मिटवा, मग मेजाकडे या. त्यामुळे गिरिजा उठली की बायका आधी तिच्याकडे बघत आणि मग उर्मिलाकडे. "पारखेबाईंच्या मनातून जात नाही अजून," असं कोणीतरी म्हणायचं. काही जण पुढचंही म्हणायचे. लिफ्टवाल्याकडचं मशीन काढून खजिनदाराच्या आईला दिलं म्हणून.

या बोलण्याला उर्मिलाकडे उत्तर होतं. चौऱ्याण्णव आणि पंच्याऐंशी. कुठल्याही डॉक्टरने तेच केलं असतं. रसिकाही तेच म्हणायची, "आई, डेटा तुझ्या बाजूने आहे."

उरलेली अर्धी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. त्या दुपारी प्लास्टिकच्या सूटमध्ये घाम पाठीवरून टाचेपर्यंत उतरत होता. चष्मा आतून धुरकट झाला होता. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. दशरथ हसून म्हणाला होता, "पास झालो का सिस्टर?" आणि ती म्हणाली होती, "फर्स्ट क्लास."

तिने त्याला चालवलं नव्हतं. तिने साऱ्या गावाला सांगितलं होतं, बसल्या जागेवरच्या आकड्यावर जाऊ नका, आणि ती स्वतः त्याच आकड्यावर गेली होती. सहा मिनिटं नव्हती म्हणून नाही. पंधरा मिनिटं ती थांबलीच होती. त्याला उठवायचं, धरायचं, त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारायला लावायचं, आणि मग आकडा खाली आला तर दोन घरं आणि एक यंत्र, हे सगळं पुन्हा ठरवत बसायचं. चौऱ्याण्णव तिला हवा होता. तो मिळाला.

कदाचित चालवूनही आकडा चौऱ्याण्णवच राहिला असता. कदाचित उतरला असता आणि तरी बेड मिळाला नसता. हे तिने शेकडो वेळा स्वतःला सांगून पाहिलं होतं. चार वर्षांत तो 'कदाचित' कुठल्याच बाजूला झुकला नव्हता.

*

रिक्षात रसिकाने लॅपटॉप मांडीवर धरला होता. "भैया, पूनम सागर, गार्डन के पीछेवाला हॉल," उर्मिला म्हणाली आणि पर्स मांडीवर ओढली.

"तू घाबरली आहेस का?"

"नाही गं. भाषणाची सवय नाही."

"चौदा वर्षं बोलतेयस तू."

"ते सूचना असतात. सतरंज्या कुणी आणायच्या, चहाला कुणी थांबायचं. हे नेतृत्वाचे धडे वगैरे."

रसिका आईच्या हाताकडे बघत होती. इंजेक्शन देणारा हात. तो आता पर्सची चेन उघडत होता आणि लावत होता.

सोसायटीच्या हॉलमध्ये लाल प्लास्टिकच्या चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा चौकोन होता. पुढच्या टेबलावर तबकात शाल, नारळाऐवजी मोसंबी, आणि फ्रेम केलेलं मानपत्र. उर्मिलाने ते लांबूनच वाचलं. 'कोविड काळातील निःस्वार्थ सेवेबद्दल'. त्याखालचं तिने वाचलं नाही.

"सलाम सिस्टर." संपदा लगबगीने आली. ती मंडळाची सेक्रेटरी होती आणि आजपासून अध्यक्षा. "हॉल सातपर्यंतच आहे हं. सातला त्यांचा झुंबा आहे. मागच्या वेळी आपली प्रार्थना चालू असताना त्यांनी गाणं लावलं होतं, आठवतंय ना?"

"पाळकसाहेबांना सांग ते."

"त्यांना सांगून काय उपयोग. ते प्रार्थनेला उभे राहिले की घड्याळच उतरवून ठेवतात."

पाळक मागेच उभे होते. ते हसले. "ऐकलं मी, उजगरेबाई. सिस्टर, पाच पॉइंट, वीस मिनिटं. बायकांना घरी घेऊन जाता येईल असं काहीतरी द्या. प्रॅक्टिकल."

"प्रॅक्टिकलच आहे," उर्मिला म्हणाली.

पहिल्या रांगेत गोदूबाई बसल्या होत्या. ऐंशीला टेकलेल्या, कानाला यंत्र, हातात कागदाची प्लेट. सामोसे सभेनंतर द्यायचे होते, पण गोदूबाईंना कोणी नाही म्हणत नसे. "सिस्टर, इकडे या," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आता तुम्ही रिटायर झालात तर माझं बीपी कोण बघणार? ही संपदा तर आकडा बघितल्याबरोबर मलाच ओरडते."

"नोकरीतून रिटायर नाही झाले मावशी. फक्त मंडळातून."

"मग ठीक आहे. खा, सामोसा खा."

सव्वापाचला गिरिजा आली. बारीक, फिकट निळी साडी, हातात काळी पर्स. ती दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसली. दोन-तीन बायकांनी माना वळवल्या. उर्मिलाने नमस्कारासाठी हात उचलला, गिरिजाने मान हलवली आणि पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली.

गीत झालं, प्रार्थना झाली. संपदाने वहीतून कपाटातल्या सामानाची यादी वाचली, नव्या कमिटीने ताब्यात घेतलं असं लिहायचं होतं म्हणून. "कपाटाची चावी, एक. गीतांची पुस्तकं बासष्ट. स्टीलचे कप एकशे वीस. मोठं पातेलं, झाकण नसलेलं. ऑक्सिमीटर चार."

"पाच," उर्मिला म्हणाली.

"कपाटात चारच आहेत सिस्टर. पाचवा गेला असेल कुठेतरी. आता कोण विचारतंय त्याला."

उर्मिलाने दाराकडे पाहिलं. गिरिजाने पर्सची चेन उघडली होती. ती आता उठेल, असं उर्मिलाला वाटलं. आता ती पुढे येईल, तीन नंबर टेबलावर ठेवेल आणि विचारेल. पण गिरिजा उठली नाही. चेन उघडीच राहिली.

"आता सिस्टर बोलतील," संपदा म्हणाली.

*

पहिले चार मुद्दे उर्मिलाने बारा मिनिटांत सांगितले. शमुवेल लहान असताना रात्री हाक ऐकून तीनदा उठला, म्हणजे पुढाऱ्याला आधी ऐकता आलं पाहिजे. तो एका जागी बसून राहिला नाही, लोकांच्या गावी गेला. लोकांना राजा हवा होता, त्याला ते आवडलं नव्हतं, तरी देवाने ज्याला निवडलं त्याच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने तेल ओतलं. इथे ती संपदाकडे बघून हसली आणि म्हणाली, "मला संपदा आवडते, तेवढा फरक." बायका हसल्या. संपदाने लाजून वहीत डोकं घातलं. पाळकसाहेब टिपणं काढत होते.

रसिकाने बटण दाबलं. भिंतीवर नुसता 'पाच' हा आकडा आला.

"पाचवा," उर्मिला म्हणाली आणि थांबली. प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत होता. "शमुवेल म्हातारा झाल्यावर त्याने सगळ्यांना बोलावलं. त्याच्या जागी दुसरा आलेला होता. त्याला गप्प घरी जाता आलं असतं. पण तो उभा राहिला आणि म्हणाला, मी लहानपणापासून तुमच्यासमोर वावरलोय. मी कोणाचा बैल घेतला असेल, कोणाचं गाढव, कोणाला त्रास दिला असेल, तर आत्ता सांगा, मी परत करतो. माझी मुलगी म्हणते, असं सगळ्यांसमोर विचारलं तर कोणी खरं बोलत नाही." रसिकाने मान खाली घातली. "तिचं बरोबर असेल. तरी मी विचारते. चौदा वर्षांत मी तुमच्यापैकी कोणाचं काही घेतलं असेल तर सांगा."

मग गोदूबाई म्हणाल्या, "नाताळात माझी स्टीलची बालदी मंडळाने नेली होती. ती कुठे आहे?"

हॉलभर हशा पिकला. पाळकसाहेबही हसले आणि खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांना वाटलं, भाषण संपलं. टेबलावरच्या शालीकडे त्यांचा हात गेला.

इथे थांबता येत होतं. उर्मिलाला ते स्पष्ट दिसलं. शाल खांद्यावर येईल, फोटो निघेल, सामोसे वाटले जातील, सात वाजता झुंबा सुरू होईल. गिरिजा बोलली नाही, म्हणजे आता ती बोलणार नाही. उर्मिलाने टेबलाची कड धरली.

"साहेब, एक मिनिट. माझं व्हायचंय."

पाळक बसले.

"एकवीस साली एप्रिलमध्ये मी दशरथ पारख्यांच्या घरून ऑक्सिजनचं मशीन नेलं," ती म्हणाली. ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देतात तशा सपाट आवाजात ती बोलत होती, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात तिला ते बोलता आलं नसतं. "नळी काढून पंधरा मिनिटांनी त्यांचा आकडा चौऱ्याण्णव होता. ते तुम्हाला माहीत आहे. पण तो बसल्या जागेवरचा होता. चालवून बघायचं असतं, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. मी त्यांना चालवलं नाही. चालवलं असतं तर आकडा कदाचित उतरला असता. मग मशीन कुणाला द्यायचं, त्यांना दवाखान्यात कसं न्यायचं, हे मला ठरवायला लागलं असतं. मला ते नको होतं. म्हणून मी चालवलं नाही. चार वर्षं मी तुम्हाला चौऱ्याण्णव सांगत आले."

संपदाचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे माझ्यामुळं गेला का गं दशरथ?" गोदूबाईंनी विचारलं. कानाला यंत्र लावलेल्या माणसाचं बोलणं असतं तसं ते मोठ्याने आलं. हातातली प्लेट त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"नाही मावशी." उर्मिला टेबल सोडून त्यांच्यापाशी आली. "तुमचा पंच्याऐंशी होता. मशीन तुम्हालाच लागत होतं. मशीन नेलं ते चुकलं नाही. चालवलं नाही, ते चुकलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"मला नाही बाई कळत वेगळ्या," गोदूबाई म्हणाल्या. त्यांनी उर्मिलाचं मनगट धरलं, जसं ती एरवी त्यांचं धरायची.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गिरिजा उठली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने ती पुढे आली, पर्समधून ऑक्सिमीटर काढला आणि टेबलावर, मानपत्राशेजारी ठेवला. पांढरी पट्टी पिवळी पडली होती, पण तीनचा आकडा स्पष्ट होता. तिने बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग ती वळली आणि दाराबाहेर गेली. पहिल्या रविवारी जायची तशीच.

"आपण प्रार्थना करू या," पाळक घाईने म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले.

चौदा वर्षांत उर्मिला प्रार्थना चालू असताना कधी जागेवरून हलली नव्हती. तिने गोदूबाईंच्या मुठीतून मनगट सोडवलं आणि मिटलेल्या डोळ्यांच्या रांगांमधून बाहेर गेली. डोळे उघडे होते ते फक्त रसिकाचे.

*

गिरिजा गेटकडे गेली नव्हती. इमारतीभोवतीच्या फरशीवरून, पार्क केलेल्या स्कूटरच्या कडेने ती भराभर चालत होती. दोन मुली सायकलवर फेऱ्या मारत होत्या. उर्मिलाने तिला मीटर रूमपाशी गाठलं.

"गिरिजाताई."

"थांबू नका सिस्टर. चालत राहा. थांबलं की मला बोलता यायचं नाही. आत बघितलंत ना."

उर्मिला तिच्याबरोबर चालू लागली. सवयीने तिची नजर मनगटावरच्या घड्याळावर गेली. सहा वाजून अकरा.

"मी आज सांगायला आले होते," गिरिजा म्हणाली. "सगळ्यांसमोर. सकाळी मेसेज केला तो तेवढ्यासाठीच. एकदा कळवलं की मागे फिरता येत नाही म्हणून. आणि तुम्हीच आधी बोललात."

"काय सांगायला?"

गिरिजाने पावलं वाढवली. "त्या दिवशी सकाळी मी चालवलं होतं त्यांना. तुमचा मेसेज ऐकला होता ना. नळी काढली, मोबाईलवर सहा मिनिटांचा गजर लावला आणि ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या. तीन मिनिटांतच धाप लागली. तरी पुरी केली त्यांनी. लिफ्टच्या कामाचा माणूस, अर्धवट सोडायची सवय नव्हती."

"किती आला?"

"सत्त्याऐंशी."

सायकलवरची एक मुलगी घंटी वाजवत त्यांच्या मधून गेली. दोघी बाजूला झाल्या, पुन्हा जवळ आल्या.

"मी फोन लावत होते तुम्हाला. त्यांनी हातातून घेतला. म्हणाले, सांगू नकोस. खालच्या घरातल्या म्हात्र्यांना नेलं होतं ना आठ दिवस आधी, त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही कोणाला. म्हणाले, मला इथेच राहू दे. मग दुपारी तुम्ही आलात. मी दाराआड उभी होते. म्हटलं, सिस्टर आता चालवतील. चालवलं की कळेलच. किंवा मला विचारतील, सकाळी किती होता. विचारलं असतं तर सांगितलं असतं हो. खोटं नसतं बोलले मी." ती थांबायला आली होती, पण थांबली नाही. "तुम्ही विचारलं नाहीत. आणि मला बरं वाटलं. आपण काही न बोलता सुटलो असं वाटलं. ते जे बरं वाटलं ना सिस्टर, ते अजून जात नाही."

सहा वाजून तेरा.

"म्हणून तुम्ही पहिल्या रविवारी उठून..."

"तुमच्यामुळे नाही. लोक काय म्हणतात ते कळत होतं मला. तुमच्याकडे बघतात तेही दिसायचं. मी बघू दिलं. तुमच्या नावावर खपत होतं, मला कोणी काही विचारत नव्हतं." तिने पदराने तोंड पुसलं. "आता हे सांगितलं म्हणून तुमचं ओझं कमी होतं का?"

यावर बोलायचं एक वाक्य उर्मिलाकडे होतं. सव्वीस वर्षांत तिने ते वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर बसलेल्या किती नातेवाइकांना सांगितलं होतं, त्याची गणती नव्हती. तुमची काही चूक नव्हती. तिने ते आठवून पाहिलं. ते गिरिजाला लागू नव्हतं, तिला स्वतःलाही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "कमी नाही होत."

"माझंही नाही."

गेटपाशी वॉचमन खुर्चीतून उठला. "मॅडम, प्रोग्राम खतम हुआ क्या? झुंबावाले पूछ रहे हैं."

"चालू है भैया," उर्मिला म्हणाली.

हॉलमधून गीताचे सूर येत होते. पेटी नव्हती, त्यामुळे वरच्या पट्टीत गोदूबाईंचा आवाज वेगळा ओळखू येत होता. दारात रसिका उभी होती. तिच्या हातात शाल होती, घडी न मोडलेली. कोणीतरी तिला देऊन पाठवलं असावं. तिने आईकडे पाहिलं, पण पायरी उतरून खाली आली नाही.

"उद्या पहिला रविवार आहे," उर्मिला म्हणाली.

"माहीत आहे."

"मी येईन तुमच्या रांगेत बसायला. कापड काढलं की आपण ठरवू. उठायचं तर दोघी उठू."

मीटर रूम पुन्हा आली. गिरिजाचा श्वास आता ऐकू येत होता, बोलण्याइतका उरला नव्हता. उर्मिलाने तिच्या कोपराखाली हात घातला, पेशंटला धरतात तसा, भार न देता.

"किती झाली?" गिरिजाने विचारलं.

उर्मिलाने घड्याळ पाहिलं. "चार."

"मग अजून दोन आहेत," गिरिजा म्हणाली.

उर्मिलाने पावलं हळू केली. थांबली मात्र नाही.